बसकर

"कडी काढ, नाहीतर शेजारच्यांना बोलावून दार तोडायला लावते," सासू बाहेरून ओरडली.

"काही झालेलं नाही. जा तुम्ही," सून आतून म्हणाली. आवाज मात्र काहीतरी झाल्याचाच होता.

बाथरूममध्ये ती बुटक्या स्टुलावर बसली होती. समोर बादलीला टेकवलेला हातआरसा, बाजूला धुतलेल्या रुमालावर जेलीची ट्यूब, आणि हातात रिफिलपेक्षा जराशी जाड अशी रबरी नळी. सकाळपासून तिला लघवी झाली नव्हती. नळी आत जात होती, पण भांड्यात थेंब पडत नव्हता. ती नळी काढायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. ओटीपोट फुगून दगडासारखं झालं होतं.

सगळा भाग तिला सीटवाली म्हणून ओळखायचा. बस, टॅक्सी, सिनेमाची थिएटरं, जिथे म्हणून माणूस पैसे देऊन बसतो तिथल्या सीटची रेक्झिनची कव्हरं ती शिवायची. वर्कशॉपमध्ये सगळे पुरुष आणि ही एकटी बाई, पण हिच्याइतकी सरळ शिलाई एकाचीही नव्हती. पुढे मणक्याने दगा दिला आणि घाईघाईने ऑपरेशन झालं. पाय वाचले. पण कमरेखालचा तो मधला भाग बधिर झाला आणि मूत्राशय आपलं काम विसरलं. आता दिवसातून चार-पाच वेळा हिनेच नळी घालून ते रिकामं करायचं.

हॉस्पिटलमध्ये नर्स बाजूला उभी असताना जमलं होतं. काल घरी आल्यावरही जमलं. आज नवरा माल पोचवायला बाहेरगावी गेला आणि आजच सगळं बिनसलं. नर्सने जाताना स्पष्ट सांगितलं होतं, "घरी जमलं नाही तर कायमची नळी बसवावी लागेल, पिशवीसकट." वर्कशॉपच्या शेठनेही निरोप धाडला होता, सोमवारी आलात तर मशीन तुमचं, नाहीतर दुसरं माणूस बघतो. मांडीला पिशवी बांधून त्या पुरुषांच्या मधोमध मशीन चालवायचं, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. म्हणून सकाळपासून ती पाणीसुद्धा प्यायली नव्हती. आत कमी गेलं तर बाहेर कमी काढावं लागेल, असा तिचा साधा हिशोब.

तिने नळी पुन्हा बाहेर काढली. टोकाला लाल दिसलं.

"आई गं!"

ती हाक होती तिच्या स्वतःच्या आईला, जी आता या जगात नव्हती. पण ओ दिली सासूने. "आले, आले. कडी काढ आधी." हात लांब करून सुनेने कडी काढली, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण कशा अवस्थेत बसलो आहोत.

सासू आत आली. बगलेत तिचं ते बसकर होतंच. जुन्या चादरींच्या घड्या घालून हाताने शिवलेली ती चौकोनी जाड गादी म्हातारी उठता-बसता बरोबर बाळगायची. कुणाकडेही गेली तरी खुर्चीवर आधी ते टाकायची आणि मगच टेकायची. मुळात जायचीच कमी. सुनेच्या माहेरी तर एकदाही बसली नाही. लग्न ठरवायला आली तेव्हाही उभीच होती. सुनेचे वडील गेले तेव्हा दारात उभी राहून आली तशी परत गेली. "आमच्या खुर्च्यांना काटे आहेत का?" असं सुनेच्या आईने तेव्हा विचारलं होतं, आणि ते तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. माहेरी म्हातारीचं नावच महाराणी पडलं. सिंहासन बगलेत घेऊन फिरते म्हणून. सुनेने स्वतःच्या हाताने मरून रंगाच्या रेक्झिनचा सोफा शिवला, त्यावरही म्हातारी बसकर टाकूनच बसली. सीटवालीच्या घरात सीटचा याहून मोठा अपमान तो कोणता!

ओल्या फरशीवर बसकर टाकून सासू समोर बसली. चष्मा पुसून तिने हात पुढे केला.

"आरसा दे इकडे."

"आई, नको ना. मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय."

"तुझ्याकडे आहे तेच माझ्याकडे आहे. मी काय नवीन बघणार आहे? हात धू पुन्हा. साबण लाव."

पोटच इतकं तडकत होतं की लाज बाळगायला जागा उरली नव्हती. सुनेने हात धुतले, नवीन नळीचं पाकीट फोडलं, जेली लावली. सासूने आरसा तिरका धरला.

"गेली आत," सून म्हणाली. "पण बघा, काहीच येत नाही."

"चुकीच्या दाराने गेली आहे. खालच्या वाटेला." सुनेने नळी ओढायला हात लावला तशी म्हातारी कडाडली, "काढू नकोस!"

"चुकलेली आहे ना पण."

"चुकलेलीच आहे. म्हणूनच राहू दे. काढलीस की तुझा हात परत तिथेच जाणार."

सून थबकली. सकाळपासून नेमकं तेच चाललं होतं. चुकीच्या जागी गेलेली सुई लगेच काढायची, सीटमध्ये सुई राहिली तर बसणाऱ्याचं काही खरं नाही, हे तिच्या बोटांत इतकं मुरलेलं होतं की डोक्याला विचारायच्या आतच हात मागे यायचा. सीट शिवताना ही सवय सोन्यासारखी होती. इथे मात्र ती तिच्या मुळावर उठली होती.

"दुसरी नळी घे. कोरी. हिच्या वर. अजून वर. ते बघ, आरशात दिसलं का, बारीकसं?"

"दिसलं. पण अडतंय हो."

"ढकलू नकोस, थांब. श्वास सोड. सोड म्हणते ना! आता खोक जरा."

ती खोकली. नळी अलगद पुढे सरकली आणि भांड्यात धार वाजू लागली. वाजतच राहिली. सुनेने भिंतीला डोकं टेकलं आणि ती मोठ्याने रडली, सुटल्याच्या आनंदाने. सासू भांड्याकडे बघत बसली होती.

आधी वरची नळी हळूच काढली, मग खालची. सगळं आवरून झाल्यावर सुनेने विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?"

"नर्सने सांगितलं की तुला. मी पडद्यापलीकडेच होते."

"तुम्ही तर तोंड फिरवून उभ्या होतात."

"तोंड फिरवलं होतं. कान नव्हते फिरवले."

सुनेला हसू आलं. उठता उठता तिने सासूला हात दिला आणि भिजेल म्हणून खालचं बसकर उचललं. म्हातारीने एकदम त्यावर झडप घातली.

"हात लावू नकोस त्याला!"

दोघींच्या ओढाओढीत जुनी शिवण टर्रकन उसवली. चादरीच्या घड्यांमधून मरून रंगाचा तुकडा बाहेर आला. सुनेने तो ताबडतोब ओळखला. सोफा शिवताना उरलेलं रेक्झिन होतं ते. त्याखाली एक निळा तुकडा होता, बसच्या सीटचा. त्याखाली काळा. वर्षानुवर्षं ती वर्कशॉपमधून उरलेले तुकडे घरी आणायची आणि ते नाहीसे व्हायचे. सासू मुद्दाम कचऱ्यात टाकते म्हणून दोघींची कितीदा जुंपली होती.

"हे तुम्ही... कशाला?"

म्हातारी तिथेच उभ्या उभ्या, नळाकडे बघत म्हणाली, "तुझी लघवी होत नाही. माझी थांबत नाही."

सुनेला आधी कळलंच नाही.

"तुझ्या नवऱ्याच्या वेळेला. अडले होते दोन दिवस. तो निघाला, पण मला आत कुठेतरी फाटलं. तेव्हापासून थेंब थेंब. बसलं की, झोपलं की. चादरीतून खाली उतरायचं. मग तुझं हे कापड आत घालायचं डोक्यात आलं."

सुनेच्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं होतं. म्हणजे दिवसभर बाथरूम अडवून बसणं ते यासाठी. स्वतःचं अंथरूण कुणाला धुवू न देणं ते यासाठी. सासरे बाहेरच्या खोलीत झोपायचे ते यासाठी. एका छताखाली आयुष्य गेलं, आणि आपण बाईला गर्विष्ठ समजत राहिलो!

"यांना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. आपल्यामुळे झालं असं वाटेल त्याला. घे शपथ."

"डॉक्टरला तरी दाखवलंत का कधी?"

"काय म्हणून दाखवू? तोंडाने बोलायचं कसं ते? त्या नर्सने तुझ्यापुढे एकेक शब्द सरळ उच्चारला, तेव्हा मला वाटलं, असं बोलता येतं होय!"

रक्ताचं विचारायला नर्सला फोन करायचाच होता. बाहेर खोलीत येऊन सुनेने स्पीकर लावला. नर्स म्हणाली, जरासं गुलाबी दिसलं तर घाबरू नका, पाणी भरपूर प्या, कमी तर अजिबात करू नका. लाल धार आली, गाठी पडल्या, ताप आला तर लगेच निघा. तसंही उद्या सकाळी येऊन दाखवून जा. "जमलं ना शेवटी? मग पिशवीचं नावच काढू नका."

सीटवालीच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण फोन तिने ठेवला नाही. सासूकडे पाहिलं. म्हातारीने नकारार्थी मान हलवली, मग हलवायची थांबली.

"सिस्टर, अजून एक विचारायचं होतं. बाळंतपणात फाटून कायमची गळती लागली असेल, तर?"

"किती दिवस झाले?"

"दिवस नाही हो. बाळ आता पन्नाशीला आलं."

नर्स सावकाश म्हणाली, "तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. पण अशी भोकं बहुतेक वेळा टाके घालून बंद करता येतात. त्या काळीही करायचे. कुणी आणलं नाही का त्यांना?"

"टाके?" म्हातारीने विचारलं. फोनला नाही, सुनेला.

खोलीच्या कोपऱ्यात सुनेचं घरचं शिलाई मशीन होतं, त्यावर दोरा ओवलेला तसाच होता. म्हातारी त्या मशीनकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. बस चुकलेल्या माणसाला ती समोरच्याच थांब्यावर उभी होती असं कुणी मागाहून सांगावं, तशी ती नुसती थक्क झाली होती.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "कुणी सांगितलं असतं तर तुझ्या आईकडे जेवायला बसले असते गं."

सुनेने तोंडावर हात दाबून धरला. आई कायम विचारत राहिली, आमच्या खुर्च्यांना काटे आहेत का, आणि उत्तर न मिळताच गेली.

संध्याकाळी तिने ते बसकर पूर्ण उसवलं. म्हातारीने रेक्झिनला आरपार टाके मारले होते. त्या भोकांतून पाणी झिरपणारच, हे सीट शिवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. इतकी वर्षं ते बसकर गळतच होतं. तिने जुने तुकडे बाजूला सारले, नवं अखंड रेक्झिन कापलं, कडा वर दुमडून मगच शिवल्या, म्हणजे मधल्या भागाला सुई लागायला नको. वरून मऊ सुती कापड लावलं. रेक्झिन सोफ्यासारखंच मरून रंगाचं घेतलं. मध्येच उठून, पाणी पिऊन, नळी घालून आली. या वेळी आरसा तिचा तिनेच धरला. दाराबाहेर म्हातारी नुसती उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी हॉस्पिटलमध्ये पोचल्या. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती आणि माणसं बरीच होती. म्हातारी भिंतीला लागून उभी राहिली, नेहमीसारखी. बसकर छातीशी घट्ट धरलेलं.

"बसा ना आजी," नर्स जाता जाता म्हणाली. "नंबर यायला वेळ आहे."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. रांगेतली माणसंही पाहू लागली.

सीटवालीने तिच्या हातातून बसकर घेतलं. खुर्चीवर पसरलं, चारही कोपरे ओढून सपाट केले. शिलाईवरून एकदा अंगठा फिरवला, गिऱ्हाइकाला माल देण्याआधी फिरवायची तसा. मग बाजूला सरकून म्हणाली, "बसा आई."

म्हातारी बसली. टेकून बसली.