निम्मं सारवलेलं अंगण

भक्तीला पुण्यातल्या फोटोग्राफीच्या शाळेत जायचं होतं. अर्जासोबत एकच काळा-पांढरा फोटो पाठवायचा, आणि मुदत होती उद्याची. सेलूचे स्टुडिओवाले काशीनाथराव तिचे गुरू. त्यांनी अर्जावर ‘मार्गदर्शक’ म्हणून आपलं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. फोटो मात्र ते एकही पास करत नव्हते.

काल तिने झेंडूच्या शेताचा फोटो नेला. शेत कसं पेटल्यासारखं दिसत होतं! काशीनाथरावांनी कॉम्प्युटरवर रंग काढून टाकला, तर फूल कुठलं अन् पान कुठलं तेच कळेना.

“पिठलं झालं की गं! रंगाला भुलायलीस तू. बटण दाबायच्या आधी काळं-पांढरं दिसाया पायजे.”

“पण ते बघायचं कसं, सर?”

काशीनाथरावांना ते आपसूक दिसायचं, शिकवता मात्र येत नसे. चाळीस वर्षं मुरलेला माणूस, पण नेमकं इथंच घोडं पेंड खात होतं.

आज सकाळी आपल्या गावी, पेडगावात, भक्ती कॅमेरा मांडीवर घेऊन तोंड पाडून ओट्यावर बसली होती. समोर तिची चुलती कस्तुराबाई अंगण सारवत होती. त्या हाताला अख्ख्या गावात तोड नव्हती. निम्मं झाल्यावर ती उठली, चार पावलं मागे सरली आणि डोळे किलकिले करून बघत राहिली.

“ऊन लागायलंय का, मोठीआई?”

“न्हाई गं. डोळं बारीक केलं की रंग जातो. शेणाचा हिरवा न्हाई, मुरमाचा तांबडा न्हाई. नुस्तं गडद अन् फिकं. फिकं दिसलं तितं हात कमी पडला.”

भक्तीनेही डोळे बारीक केले. आणि देवा! लुगड्याचा हिरवा गेला, कुंकवाचा लाल गेला. उरलं ओलं, गडद सारवण, त्यात हाताने ओढलेले अर्धगोल, पलीकडे न सारवलेलं पांढुरकं अंगण आणि त्यावर ताठ उभी मोठीआई. इतकं देखणं तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते रोज दारात होतं. तिने बटण दाबलं.

दुपारी काशीनाथरावांनी रंग काढला. एक रेघ हरवली नाही.

“कुणी शिकवलं हे?”

“मोठीआईनं. सारवता सारवता.”

त्यांनी अर्ज ओढला आणि स्वतःच्या नावावर काट मारली.

“पूर्ण नाव सांग त्यांचं.”

“अहो सर, तिला फोटोतलं काय बी कळत न्हाई.”

“अन् मला कुठं सारवता येतंय? नाव सांग.”