एक जूनच्या आत

तुम्ही माणसं फसवता. लाच खाऊन नाही, खोटी सही मारून नाही. उजळ माथ्यानं, वेबसाइटवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो लावून फसवता. कुशल हात हवेत म्हणून हाका मारता, हात दारात आले की म्हणता, आता दुसरे हवेत. तुम्ही सातासमुद्रापलीकडे इमिग्रेशन खात्यात बसता, त्यामुळे तुमच्या ठरावानं इकडं कुणाच्या घरात काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून हे ऐका.

मे महिन्याचा शेवटचा दिवस. राजारामपुरीतल्या पूर्णिमाच्या फ्लॅटमध्ये तिचा धाकटा भाऊ कृष्णात दुपारपासून लॅपटॉपसमोर बसलेला. गडी मुरगूडचा. शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसी मशिनवर हात बसवला आणि त्या जोरावर परदेशी गेला. चार वर्षं तिथल्या कारखान्यात पंपांचे भाग कातले. गेला तेव्हा त्या देशाला हव्या असलेल्या कामांच्या यादीत त्याचं काम वरच्या ओळीत होतं. कायम राहण्याचा अर्ज केला आणि यादीच फिरली. आधी दवाखान्यातली माणसं हवी झाली, मग फ्रेंच बोलणारी. तेवढ्यात वर्क परमिट संपलं आणि कृष्णात घरी आला.

आज नवी निवड जाहीर होणार होती. यंदा कारागिरांची पाळी, अशी हवा होती. आणि ती आजच लागायला हवी होती. उद्या एक जून. उद्या कृष्णातला तीस वर्षं पुरी होणार, निवडीत मोजले जाणारे वयाचे गुण घटणार आणि तो पात्रतेच्या रेषेखाली जाणार.

तीस, पण कागदावर. खरा तो दिवाळीनंतरचा.

"आबा, मला सहा महिने आधी जन्माला घालायची काय घाई होती?" स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला.

सकाळच्या एसटीनं आलेले गणपतराव, त्याचे वडील, पाय पोटाशी घेऊन कॉटवर बसले होते. "मी कुठं घातलं? गुरुजींनी लिवलं. ही पूर्णिमा शाळंत जायाची, मी आन तुझी आई रानात. तुला बघायला घरात कोण न्हाय. गुरुजी म्हटलं, बसवा पोराला वर्गात, तारखंचं मी बघतो. समद्यांची एक जूनच लिवायचे. तुझा आख्खा वर्ग एका दिशी जन्मलाय की."

"मग बारशी पण एका मांडवात उरकायची होती," पूर्णिमा म्हणाली.

खालच्या मजल्यावर परदेशी जाणाऱ्यांचे क्लास घेणारे विजयसिंह सर वर आले आणि कृष्णातपुढं कागद धरला. "दादा, ॲफिडेव्हिट तयार हाय. खरी तारीख लावू. सही करा, आजच चढवतो."

"दवाखान्याचा दाखला लागेल की," पूर्णिमा म्हणाली.

"घरात झालाय त्यो, सुईणीच्या हातनं," गणपतराव म्हणाले.

"दाखला उभा करू. ते माझ्यावर सोडा."

कृष्णात आता वळला. "सर, चार वर्षं मी तिथं जुन्या तारखेवर राहिलोय. आज नवी दिली तर म्हणतील, एवढे दिवस आम्हाला फसवलंस. वर तुमचा उभा केलेला दाखला. पाच वर्षं दार बंद."

"नशिबानं चाललं तर चाललं, दादा."

"तुमचं काय जातंय?"

गणपतराव कॉटवरून उतरले. "म्हंजे खरं सांगितलं तर खोटारडा, आन गप बसलं तर म्हातारा. कसला कायदा म्हणायचा ह्यो? कर सही, किस्ना. खरंच हाय ते."

"तारीख खरी हाय, आबा. दाखला कुठं खराय?"

दिवेलागणीला वेबसाइटवरचं पान बदललं. कृष्णातनं एकदा वाचलं, मग बोट ठेवून परत वाचलं. पूर्णिमा त्याच्या खांद्यावरून वाकली.

"फ्रेंचवाले," ती म्हणाली.

विजयसिंहांनी कागदावर पेन ठेवलं आणि हलकेच पुढं सरकवलं. "अजून रात्र हाय, दादा."

कृष्णातनं पेन उचललं. कृष्णातनं पेनाला टोपण लावलं आणि ते सरांच्या खिशाला अडकवलं. "चहा घेऊन जावा, सर." सर चहा न घेता गेले.

मग त्यानं त्याच इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर प्रश्न विचारायची चौकट उघडली आणि टायपू लागला.

"काय लिवतोयस? आमच्या भाषेत सांग," गणपतराव म्हणाले.

कृष्णातनं वाचून दाखवलं.

"तुम्ही बोलावलंत म्हणून मी आलो. तुमच्या बर्फात अंधारात कामावर गेलो, कर भरला, एक दिवस कुणाकडं फुकट खाल्लं नाही. माझं काम तेव्हा होतं तेच आज आहे. बदललात तुम्ही, आणि वय मोजताय माझं. आमची धोरणं वेळोवेळी बदलतात, हे छापील वाक्य मला पाठवू नका, ते मी वाचलंय. माझं काय चुकलं, तेवढं सांगा."