उशिरा पडलेली वीज

“मला एवढंच सांगा काका, पहिल्यांदा बाई बोलल्या की नाही?”

दिग्दर्शकाने विचारलं तेव्हा वीजकाका कानशीवरची काजळी पुसत होते. दुपारचा प्रयोग नुकताच संपला होता. नटांनी अजून तोंडंसुद्धा धुतली नव्हती, आणि बाई रंगपटाच्या कोपऱ्यात, नाटकातल्या म्हातारीच्याच वेशात, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

“नाही,” काका म्हणाले. “पहिल्यांदा नाही बोलल्या.”

बोलून गेले, आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

काका तीस वर्षं नाटकांत वीज पाडत आले होते. पाडत म्हणजे अगदी हाताने. एक तार लोखंडी कानशीला, दुसरी कार्बनच्या कांडीला. कांडी कानशीच्या दातांवरून ओढली की लखकन उजेड, मग बारीकशी थरथर, मग पुन्हा एक चमक. हल्ली बटण दाबलं की लुकलुकणारे दिवे मिळतात, पण ते ठरल्या तालावर लुकलुकतात, आणि आभाळातली वीज काही ताल धरून चमकत नाही. म्हणून हा दिग्दर्शक काकांना सोडायला तयार नव्हता. मात्र त्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहायची सोय नाही. काका वेल्डिंगवाल्यांचा काळा चष्मा लावत, आणि त्यातून रंगमंच काडीचाही दिसत नसे. सगळा कारभार कानावर. विंगेत जागा हाताएवढी, त्यामुळे उजव्या हातात कांडी आणि डावा कान रंगमंचाकडे, असंच उभं राहावं लागे.

आता तो डावा कान गेल्या हिवाळ्यापासून कामातून गेला होता, हे काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नटांचे आवाज मोठे, तोवर निभावून जात होतं.

नाटकात म्हातारी अंधाऱ्या घरात एकटी असते. बाहेर धो-धो पाऊस. दार वाजतं, ती दबक्या आवाजात विचारते, “कोण आहे बाहेर?” वीज चमकते आणि दारात उभ्या मुलाचं तोंड तिला दहा वर्षांनी दिसतं. इथे माणसं हमखास डोळे पुसायची. आज काका कांडी उगारून नुसते उभे. मग कानावर आलं, “कोण आहे बाहेर, म्हणते मी?”

ते ‘म्हणते मी’ नाटकात नव्हतं. बाईंना तेच वाक्य दुसऱ्यांदा, ओरडून म्हणावं लागलं होतं. काकांना तिथल्या तिथे सगळं समजलं. त्यांनी घाईने कांडी ओढली, पण तोवर मुलाचं काम करणारा नट वाट पाहून पाहून अंधारातच आत शिरला होता, आणि वीज लख्ख पडली ती रिकाम्या दारावर. लोक खो-खो हसले.

“पावसाच्या आवाजात मला मागच्या रांगेत काही कळेना, दारामागच्या नटालाही पहिलं काही ऐकू आलं नाही,” दिग्दर्शक म्हणाला. मग आवाज उतरवून, पण पुरेसा नाही, “वय झालंय हो बाईंचं. पुढच्या प्रयोगाला दुसरं कुणी बघतो.”

काका वायर गुंडाळत होते तिथे बाई आल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“भाऊ, तुमची वेळ कधी चुकत नाही. तुम्ही म्हणताय म्हणजे मी बोलले नसेनच. पण मला बोलल्यासारखं आठवतंय हो. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. न केलेल्या गोष्टी केल्यासारख्या वाटायच्या तिला. शेवटी मलासुद्धा ओळखेना.”

काकांनी मान वर केली नाही. उभ्या जन्मात गुंडाळली नसेल इतकी नीट त्यांनी ती वायर गुंडाळली.

घरी बायकोपासून मात्र काय लपणार?

“अहो, मी काय भिंतीशी बोलतेय? बेल वाजून वाजून थकली,” चौथ्या दिवशी ती कातावली. “कान दाखवा एकदाचा.”

“दाखवला तर काम जाईल,” काका म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. “तुमचं जाऊ नये म्हणून त्या बाईचं घालवलंत?”

एवढंच बोलली. पुढे तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना आपलीच इतकी किळस आली की दाढी करतानाही ते आरशात फक्त हनुवटी बघत. तरी बाईंच्या घरी जायला त्यांना आणखी चार दिवस लागले.

सकाळी बाईंनी दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि काका जागीच थबकले. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ओट्यावर ‘गॅस बंद केला?’ कपाटावर ‘गोळी घेतली?’ दाराच्या आतल्या बाजूला ‘किल्ली.’ अक्षर सुबक, नटमंडळी वहीत भूमिका उतरवून घेतात तसं.

“बाई, तुम्ही बोलला होतात,” काका उभ्या उभ्याच म्हणाले. “मला या कानाने ऐकू येत नाही. चूक माझी होती. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी खोटं बोललो.”

बाई खुर्चीत बसल्या.

“तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“मी आईचं सांगितलं, तेव्हाही?”

“हो.”

बाई उठल्या. त्यांनी चपला घातल्या, पिशवी घेतली. “आज तालीम आहे ना? चला. सगळ्यांसमोर सांगायचं, माझ्यादेखत.”

“सांगतो.” काय करावं ते न सुचून काकांनी ओट्यावरची चिठ्ठी काढायला हात पुढे केला.

“राहू दे ती. या आठ दिवसांत दोनदा दूध उतू गेलं माझं. आधी कधी जायचं का, तेही आता आठवत नाही.”

बाहेर येऊन बाईंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. दोघं जिना उतरू लागले. पाच-सहा पायऱ्यांवर बाई थांबल्या.

“कुलूप लावलं ना मी?”

“लावलंत, बाई. मी पाहिलं.”

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग कठड्याला धरून त्या स्वतः बघायला पुन्हा वर गेल्या. काका जिन्यातच उभे राहिले.