चिंध्या बांधलेली ओळ

हेमांगीनं केळीच्या बुंध्याशी माती उकरली आणि चिमूटभर राख तळहातावर घेतली. पुढच्या झाडाखालीही राखच. लाल चिंध्या बांधलेल्या सगळ्या ओळीला कोणीतरी मायेनं शेक दिला होता, आणि रावेरच्या त्या मळ्यात इतकी माया करणारं माणूस एकच होतं.

"माय, या ओळीत धूर केला होता तू?"

कुंदाबाईनं विळा खाली ठेवला. "केला ना. थंडी काय कमी व्हती? साऱ्या मळ्यात धूर, अन् तुह्याच झाडांले नाही? मी तं इथी जास्तीचा पाचोळा जाळला."

हसावं की रडावं, हेमांगीला कळेना. वाऱ्याकडची ही ओळ तिनं गारठ्यात उघडी राहावी म्हणून राखली होती. चिंध्या पाहून कोणी हात लावणार नाही, असं तिनं गृहीत धरलं. सांगायचं तेवढं राहून गेलं. जळगावच्या प्रयोगशाळेत या ओळीतल्या आणि बाकीच्या मळ्यातल्या पानांचे नमुने सारखेच निघाले, आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी संशोधनाचा विषय बदलायला सुचवलं.

"यांना मुद्दाम थंडी लागू द्यायची होती."

"काहाले?"

"पेशीत 'वाढ' असा निरोप सुटतो. गारठा पडला की पेशी एक लांब धागा कापते, त्याचा अगदी बारका तुकडा करते. मायक्रोआरएनए म्हणतात त्याला. तो तुकडा त्या निरोपाला वाटेतच अडवतो. मग झाड वाढ थांबवून जीव राखतं. मला तोच तुकडा शोधायचाय."

कुंदाबाईनं बुंध्यावरून हात फिरवला. "म्हंजे झाडाले कयते, कधी थांबा ते. मलेच नाही कयत."

आईचा चेहरा पाहून हेमांगीला फार वाईट वाटलं. पण ती हटली नाही. बांधावरूनच तिनं सरांना फोन लावला.

"सर, आधीचे नमुने बाद धरा. चूक माझी आहे. थंडी अजून गेलेली नाही, मी पुन्हा घेते."

"या वेळी काही निघालं नाही, तर विषय सोडायचा," सर म्हणाले.

"निघेल, सर."

पुढच्या आठवड्यात सातपुड्याकडून पुन्हा बोचरा वारा सुटला. पहाटे नमुने घ्यायचे म्हणून हेमांगी संध्याकाळीच जेवणाचा डबा घेऊन मळ्यात मुक्कामाला आली. कुंदाबाई चिंध्यांच्या ओळीत उभी होती. एका झाडाचा, न उलगडलेल्या पानाचा कोवळा पोगा तिनं दोन्ही तळव्यांत धरला होता, लेकराचे गारठलेले हात धरावेत तसा. लेक दिसताच तिनं तो सोडला आणि कमरेची काडीपेटी काढून पुढे केली.

"बाकीच्या ओळींचा धूर आज तूच कर," ती म्हणाली. "अन् ही तुह्याजवळच ठेव. रात्री मी मांगली, तरी देऊ नको."