पिस्तुलावरचा लाल थर

प्रियदर्शिनीला गंज कळायचा. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत कुठला पाइप कुठून सडतोय ते शोधणं हेच तिचं काम. नऊ वर्षांत तिनं गंजाचे इतके नखरे पाहिले होते की माणसांपेक्षा लोखंडाचा स्वभाव तिला लवकर समजे. म्हणूनच २००६ सालच्या त्या शनिवारी एका छोट्याशा युद्धसंग्रहालयाच्या मिस ओंगनं तिला गळ घातली. एक जुनं लष्करी पिस्तूल आलंय, त्याची अवस्था कशी आहे आणि त्याच्यामागची हकिकत कितपत खरी, तेवढं बघून दे.

पिस्तूल टेबलावर मऊ कापडावर ठेवलं होतं, आणि शेजारी राखणीला बसल्यासारखे कमलाकरराव टिपणीस. वय एकाहत्तर, जन्म सिंगापूरचाच, राहायला बुकित बातोकला. पण मराठी अगदी घरंदाज, आईकडून आलेली. मराठी मुलगी तपासायला आलीय म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला.

"बस गं बाळ. आधी ऐकून घे," ते म्हणाले. "बाबा इथं लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. बेचाळीसच्या फेब्रुवारीत शहर जपान्यांच्या हाती पडायला आलं, तेव्हा एका मरणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यानं हे त्यांच्या हातात दिलं. बाबा संध्याकाळी घरी आले. हाताला जखम होती. हे आईकडे दिलं, परत इस्पितळात गेले, ते गेलेच. ना प्रेत, ना चिठ्ठी. मी सहा वर्षांचा होतो. हा लाल थर दिसतोय ना? बाबांचं रक्त आहे. आईनं जन्मात कुणाला हात लावू दिला नाही."

आईनं ते तांदळाच्या डब्यात लपवून एकतीस वर्षं सांभाळलं. ती गेली त्याच आठवड्यात कमलाकररावांनी ते पोलीस चौकीत नेऊन दिलं. तिथं नळी कायमची बुजवली गेली, पिस्तूल वर्षानुवर्षं कोठारात पडलं आणि आता संग्रहालयात आलं होतं.

"काचेखालच्या कार्डावर एवढंच हवंय मला, की हे त्यांचं रक्त आहे," ते म्हणाले. "बाबांचा फोटोसुद्धा नाही गं माझ्याकडे. एवढंच उरलंय."

प्रियदर्शिनीनं भिंग काढलं. सांगाडा, नळी, गोळ्यांचं चक्र, तिन्हींवर एकच क्रमांक; म्हणजे जोडतोड नाही, मूळचाच माल. अडतीस सालचा ठसा स्पष्ट. काळा मुलामा मात्र जागोजागी उडालेला आणि उघड्या लोखंडाला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडलेले. इथवर सगळं सरळ होतं. मग ती मुठीच्या वरच्या लाल थराकडे वळली आणि अडली.

थराची कड जिथं उचलली गेली होती, तिथं खालचा मुलामा शाबूत होता. हे काही खरं नव्हे. रक्तात मीठ असतं. साठ वर्षं लोखंडावर बसलं तर खाली खड्डा पाडल्याशिवाय राहत नाही. गंज म्हणावा तर तोही खालूनच खातो. इथं तर लाल रंगानं लोखंड वाचवलं होतं. तिनं दातकोरणीच्या टोकावर कणभर लाल घेऊन भिंगाखाली धरलं. रक्त एकदा सांडतं. हे थरावर थर होते, मधे तेल, पुन्हा थर.

तेव्हा तिला प्लांटवरचे फिटर आठवले. खंडेनवमीला ते आपापल्या पान्यांना तेल लावून वर हळदकुंकू लावत. दुसऱ्या एखादीला हे पहिल्या नजरेत कळलं असतं. पण प्रियदर्शिनीच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात हत्यारांची पूजा कधी झालीच नव्हती, त्यामुळे कुंकवाशी तिची अशी ओळख नव्हती.

मिस ओंगनं खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून लिंबाचं सरबत आणलं होतं. त्यातली लिंबाची फोड प्रियदर्शिनीनं उचलली, कागदी रुमालावर तो कण ठेवला आणि थेंब पिळला. लाल कण पिवळाधमक झाला. हळद! हळदीत चुना मिसळून घरी केलेलं कुंकू. चुन्यानंच लोखंड वाचवलं होतं.

गप्प बसावं, असं तिला मनापासून वाटलं. म्हातारा खूश, संग्रहालय खूश, कुणाचं काय बिघडणार होतं? पण आयुष्यात कधी तिनं सडक्या पाइपाला चांगला म्हटलं नव्हतं.

"काका, हे रक्त नाही," ती म्हणाली. "कुंकू आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं लावत होतं."

"भलतंच काय! आमच्या घरात कुंकू नव्हतं. आईनं बेचाळीसलाच पुसलं. इथल्या आपल्या मंडळींनी पुसायला लावलं."

"विकतचं नाही. हळद आणि पानाचा चुना, घरी कालवलेलं. दुकानात मागायला नको, कुणाला कळायला नको." ती अडखळली. "त्यांचं प्रेत मिळालं नव्हतं ना, काका? मंडळींनी विधवा ठरवलं. त्यांनी नसेल मानलं. कपाळावर लावता येईना, म्हणून नवऱ्यानं शेवटची हातात दिलेली वस्तू होती, तिला लावलं. आणि तुम्ही लहान. तुम्हाला सांगितलं, रक्त आहे."

कमलाकररावांनी तो पिवळ्या डागाचा रुमाल जवळ ओढला. मग त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"ती गेली तेव्हा शेजारच्या बायका कुंकवाचा करंडा घेऊन आल्या होत्या," ते म्हणाले. "म्हणाल्या, शेवटचं सांगून ठेवलंय तिनं आम्हाला, लावू का? मला वाटलं, म्हातारपणी भ्रम झाला असेल. मी नको म्हटलं. लोक काय म्हणतील, म्हटलं. मीच तिला मोकळ्या कपाळानं धाडलं गं."

प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या मंडळींचा, त्या लोकांचा संताप आला. मिस ओंगला मराठीतलं अक्षरही कळलं नव्हतं, ती कीबोर्डवर हात ठेवून हळूच म्हणाली, "सो, कार्डावर काय टाइप करू?"

"वडिलांचं राहू दे. आईचं नाव घाल," कमलाकरराव म्हणाले. "सरला टिपणीस."

मिस ओंगला स्पेलिंग जमेना, म्हणून प्रियदर्शिनीनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. लग्नपत्रिकेवर बाईच्या नावाआधी 'सौ.' दिसलं की तिचं डोकं फिरे. स्वतःच्या नावाआधी तिनं ते कधी लागू दिलं नव्हतं. तिनं 'सरला' टाइप केलं, थांबली, कर्सर मागे नेला आणि आधी 'सौ.' लिहिलं.