डोंगराखाली काढलेला स्वेटर

शनिवारी दुपारी पलंगावर वैशूच्या कपड्यांचा ढीग पडला होता आणि स्मिता त्याच्यासमोर हात बांधून उभी होती. गंजीफ्रॉक, फ्लॅनेलचा झगा, बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर माईंनी विणलेला जाड लाल स्वेटर, कानटोपी, मफलर. सहा वर्षांच्या पोरीला एवढं चढवलं तर पोर दिसणार कुठून, असं स्मिताचा नवरा नंदकुमार सकाळी कामावर जाताना म्हणाला होता. पण माई हसल्या नव्हत्या.

माई म्हणजे स्मिताच्या सासूबाई. वैशूची छाती भरायची, श्वास शिट्टीसारखा वाजायचा, तेव्हा तिला मांडीवर उभी धरून बसायच्या त्या माईच. डॉक्टर म्हणत होते, पोरीला पळू दे, चढू दे, छाती मजबूत होईल. गेल्या जानेवारीत कॉलनीतल्या लोकांबरोबर ती बेलापूरच्या टेकडीवर गेली होती. संध्याकाळी हसत परत आली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात. तीन रात्री.

यंदा कॉलनी कर्नाळ्याला निघाली होती. वैशूने आठ दिवस घर डोक्यावर घेतलं, तेव्हा माई म्हणाल्या, "ने. पण या वेळी छाती वाजली, तर डोंगराचं नाव या घरात काढायचं नाही. मोठी झाली की तिची ती जाईल."

आणि मागच्या वर्षी दोन स्वेटर कमी पडले असणार, म्हणून त्यांनी ढिगावर मफलरही आणून ठेवला होता.

दाराशी येसूबाई आली. करावे गावाहून मासळीची टोपली घेऊन ती वाशीत दारोदार फिरायची, आणि स्मिताच्या दारात टेकून पाणी प्यायची. आतल्या पलंगाकडे तिचं लक्ष गेलं.

"काय गो बाय, कुनाचं लगीन हाय?"

"लगीन कसलं. वैशूला उद्या डोंगरावर न्यायचंय. थंडी बाधते तिला."

"येवढं घालून चढल तर घामानं भिजल ना पोर."

"भिजली तरी उबेत राहील."

येसूबाईने तांब्या खाली ठेवला. "आमी पहाटं कालवं-शिंपल्या काढाया खाडीत उतरताव. आंगावं हाय ते भिजनारच. पन बोचक्यात एक सुकं पोलकं ठेवताव. भायेर आलं का पयलं वलं काढायचं, सुकं घालायचं. मंग चाय, मंग गप्पा-गजाली. जी वल्यात बसली ती खोकली." मग ती बोंबलांकडे वळली. "हे घे, आजचंच हाय."

स्मिताने बोंबील घेतले, निवडले, धुतले. हात पाण्यात असताना तिला गेल्या वर्षीची संध्याकाळ आठवली. टेकडीवरून आल्यावर तिने वैशूचे कपडे उतरवले होते. वरचा स्वेटर कोरडा ठणठणीत, आणि सगळ्यात आतला गंजीफ्रॉक पिळून काढावा इतका ओला. पाठ बर्फासारखी गार. तेव्हा ती माईंना कौतुकाने म्हणाली होती, "बघा, पोरीला थंडी शिवलीसुद्धा नाही, घाम आलाय." सकाळी चढताना आलेला तो घाम. दिवसभर, वाऱ्यात, डबा खाताना, खेळताना तो तिच्या अंगाला चिकटून होता.

नळ चालूच राहिला. माईंनी आतून विचारलं, "पाणी वाहतंय का गं?" तेव्हा तिने तो बंद केला.

हे माईंना सांगायचं तिचं धाडस झालं नाही. रविवारी पहाटे वैशू सगळे कपडे घालून निघाली. माईंनी मफलरची गाठ स्वतः मारली. स्मिताच्या पिशवीत मात्र दोन कोरडे गंजीफ्रॉक होते, टॉवेल होता, आणि शाळेचा प्लास्टिकचा रेनकोट.

कर्नाळ्याच्या पायथ्याशी एसटीतून उतरल्यावर तिने वैशूला कडेला घेतलं आणि एकेक कपडा काढायला सुरुवात केली. टोपी, मफलर, लाल स्वेटर, दुसरा स्वेटर. पोर झग्यावर उभी राहिली आणि कुडकुडायला लागली.

"अहो स्मिताताई, हे काय? ओठ बघा तिचे," शेजारच्या वैजयंतीबाई म्हणाल्या.

"आई, थंडी वाजते," वैशू म्हणाली.

स्मिताचा हात पुन्हा स्वेटरकडे गेला. छाती वाजली तर माई काही बोलणार नाहीत, फक्त बघतील. तिला ते बघणं आत्ताच दिसत होतं.

दरवर्षी सगळ्यांना डोंगरावर नेणारे मधुकरकाका पुढून ओरडले, "निघताना जो कुडकुडत नाही, तो वर पोचून खोकतो. चला, पाय उचला."

"तुमचं काय जातंय," वैजयंतीबाई पुटपुटल्या. पण स्मिताने स्वेटर पिशवीत कोंबला आणि वैशूचा हात धरून चालायला लागली. दर वीस पावलांनी ती पोरीच्या मानेवर बोटं टेकवून बघायची. आधी गार, मग कोमट, पहिल्या वळणापर्यंत उबदार. वैशूने हात सोडवून घेतला आणि पुढे पळाली. स्मिताला तिला थांबवायला श्वास पुरला नाही.

वर वारा होता. सगळे घाम पुसत डबे उघडायला लागले, तशी ती वैशूला एका खडकाच्या आडोशाला घेऊन गेली. ओला गंजीफ्रॉक ओढून काढला, टॉवेलने पाठ लाल होईस्तोवर पुसली, कोरडा घातला. त्यावर झगा, दोन्ही स्वेटर, टोपी. आणि सगळ्यावर रेनकोट, वारा आत शिरू नये म्हणून.

"जानेवारीत पाऊस पडणार का हो वहिनी?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. वैशूही हसली. मग त्या चुरचुर वाजणाऱ्या रेनकोटात बसून तिने तीन पोळ्या खाल्ल्या. उतरताना पुन्हा सगळं काढलं, खाली पोचल्यावर दुसरा कोरडा गंजीफ्रॉक.

रविवारी संध्याकाळी माईंनी वैशूच्या पाठीला कान लावला. सोमवारी लावला. मंगळवारी, तिसऱ्या दिवशी सकाळी, बराच वेळ लावून ठेवला. स्मिता चहाचं भांडं हातात धरून दारात उभी होती.

"नाक गळतंय," माई म्हणाल्या.

"आणि छाती?"

"छातीत काही नाही."

स्मिता खाली बसली. "माई, मी डोंगराखाली तिचे सगळे स्वेटर काढले होते. वर पोचल्यावर आधी घामाने ओला गंजीफ्रॉक काढला, कोरडा घातला, मग स्वेटर."

"रविवारीच सांगितलं तिने. आईने मला उघडी केली म्हणून." माईंनी नातीच्या झग्याची बटणं लावली. "म्हटलं, तीन दिवस जाऊ देत, मग बोलू." "म्हणजे गेल्या वर्षी ती दवाखान्यात गेली, ती मी गुंडाळली म्हणून?"

"कपडे मी चढवले होते, माई."

"विणले मी होते."

"दोघींनी मिळून केलं," स्मिता म्हणाली. माईंनी तिच्याकडे पाहिलं आणि चहा ओढून घेतला.

खालून मुलांनी हाका मारल्या. वैशू नुसत्या झग्यावर जिना उतरून मैदानात गेली. खाडीकडून गार वारा येत होता. माई गॅलरीत आल्या, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आत येऊन त्यांनी स्मिताला विचारलं, "ती घामेजून आली, की आधी काय काढायचं म्हणालीस?"