उतारावरचा माझा आवाज

“ब्रेक तर नवे व्हते. मग गाडी थांबली का न्हाय?”

अविराज हे विचारत सगळीकडं फिरला. पोलीस म्हणाले, तपास चालू आहे. गॅरेजवाल्यानं माझा ब्रेक दाबून पाहिला, तो झकास लागला, तेव्हा त्यानंही हात झटकले. भावकीतली माणसं नशीब म्हणाली. मग एका दुपारी अविराज माझ्यासमोर येऊन उभा राहिला, टायरला लाथ घातली आणि मलाच विचारलं. मला उत्तर माहीत होतं. पण मला तोंड नाही. हॉर्न आहे, तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

तर मी एक पिकअप बोलतेय. दोन ओळींची केबिन, मागं लांबरुंद हौदा, आणि पायाखाली क्लच नाही. गिअर माझे मीच बदलते. पहिली काही वर्षं मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात काढली. तिथं सगळं सपाट. मशिनचे भाग न्यायचे, साहेबांना आणायचं. मग कारखान्यानं नवी गाडी घेतली आणि मला वरकुट्याच्या युवराजनं घरी आणलं.

युवराज ट्रॅक्टरवर वाढलेला. उसाच्या भरल्या ट्रॉल्या भवानीनगरच्या साखर कारखान्याला पोचवून त्याचे हात तयार झाले होते. पण त्याचा डावा पाय काही केल्या ऐकेना. क्लच समजून तो दाणकन ब्रेक दाबायचा आणि सगळे काचेवर आपटायचे.

“दादा, डावा पाय घरी ठिवून येत जा,” अविराज हसून लोळायचा.

“तू तोंड घरी ठिव,” युवराज म्हणायचा.

अविराज त्याचा भाऊ, त्याच्यापेक्षा बराच लहान. शाळेत त्याचं मन लागलं नाही, आठवीतच सुटली. बाप लवकर गेल्यामुळं त्याला बाप म्हणून दादाच माहीत. राग आला की हातातली वस्तू भिरकावायची आणि मग दादाकडं बघायचं, ही त्याची रीत. पेरू आणि डाळिंबाचे क्रेट भरून आम्ही पुण्याच्या मार्केटला निघालो की माझ्या डाव्या सीटवर तो ठरलेला.

बारामती मागं पडते, जेजुरी जाते, सासवड जातं, आणि मग दिवे घाट लागतो. रस्ता एकदम खाली उतरतो. मला तिथं एक गोष्ट येते. लिव्हर बाजूच्या खाचेत ओढून खालचा गिअर दिला की माझं इंजिन चाकांना धरून ठेवतं. मोठ्यानं ओरडतं, पण वेग वाढू देत नाही. ब्रेकला मधूनमधून नुसतं टेकवावं लागतं.

युवराजला ते ओरडणं सोसायचं नाही. ट्रॅक्टर ओरडला की ओझं जास्त झालं, हे त्याच्या कानांना पक्कं ठाऊक होतं. त्यात आमच्याकडच्या गाडीवाल्यांची सवय अशी, की उतार दिसला की गाडी न्यूट्रल करायची. त्याचाही हात तिथंच जायचा. मी गप्प व्हायचे.

“बघ, कशी गार पडली. डिझेलबी वाचलं,” तो अविराजला सांगायचा.

मला वाईट वाटायचं. उतारावर गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर मी डिझेल घेतच नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं प्यावंच लागतं. म्हणजे वाचत काहीच नव्हतं, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडत होता.

त्या दिवशी हौदा काठोकाठ भरला होता. अविराज बागेत तोडणीला थांबला होता. घाटाच्या मध्यावर ब्रेक इतके तापले, की पायाखाली पेडल नुसतं खाली जायला लागलं. पुढं माणसांनी भरलेला टेंपो होता. युवराजनं मला डोंगराच्या अंगाला घातलं. टेंपो वाचला. युवराजच्या बाजूचं दार आत गेलं होतं. तो वाचला नाही.

क्रेन आली तोवर माझी चाकं गार झाली होती. गार झालेले ब्रेक पुन्हा धरतात, म्हणून कुणालाच काही सापडलं नाही. लिव्हर न्यूट्रलवर आहे हे क्रेनवाल्यानं पाहिलं. ओढायला त्याला तेच हवं होतं, म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

दुरुस्त होऊन मी वरकुट्याला परतले, तेव्हा युवराजची आई, कौसल्या, पदर तोंडाला लावून आत गेली.

“ती दारातनं घालवा. सकाळी कडी काढली की पयली तीच दिसती,” ती म्हणाली.

“इकायची कशाला? तुकडं करून भंगारात घालतो!” अविराजनं चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली आणि माझा एक दिवा फोडला.

युवराजची बायको रेश्मा ओट्यावर बसली होती. ती उठली, त्याच्या हातातली टॉमी घेतली.

“भावजी, तुकडं करून कळणार हाय का काय झालं ते? आन् इकली, तर घेणाऱ्याच्या घरी बी कुणीतरी वाट बघत आसंल. आदी कळू द्या. मग न्या कुठं न्यायची ती.”

“कळणार कसं?”

“त्याच घाटातनं न्या. मी येते. आन् क्रेट भरा. त्या दिवशी ती रिकामी नव्हती.”

कौसल्या खूप बोलली, रडली. रेश्मानं तिला एवढंच सांगितलं, “दिवसाउजेडी जातो, आई. हळू जातो.”

घाट आला. अविराजचा हात दादासारखाच लिव्हरवर गेला. मी गप्प झाले आणि सुटले. त्यानं ब्रेक धरला, सोडला, पुन्हा धरला. दोन वळणांनी जळका वास आत आला.

“भावजी, ह्यो वास कसला?”

“वहिनी, पेडल खाली चाललंय!”

त्याला सुचेना. चिडून त्यानं लिव्हरवर हात हाणला, ती मागं सरकली, त्यानं ती बाजूला ओढली, पुन्हा ओढली. एकदम मी मोकळ्या गळ्यानं ओरडले. माझ्या नाकानं जमीन हुंगली जणू. वेग उतरला. रेश्मानं डोळे मिटले होते, ते उघडले. जरा रुंद जागा आली, तिथं हँडब्रेकच्या साथीनं त्यानं मला कडेला घेतलं.

खाली उतरून त्यानं चाकाजवळ तळवा नेला आणि झटकन मागं घेतला. तो तिथंच मातीत बसला.

“वहिनी,” तो म्हणाला, “गाडी वरडती म्हणून दादा तिला गप करत व्हता. ते वरडणंच ब्रेक व्हतं.”

रेश्मा त्याच्याशेजारी बसली. दोघं खूप रडले. चाकं पुरती गार झाल्यावर उरलेला घाट आम्ही माझ्या आवाजात उतरलो.

आता मी भवानीनगरच्या महिपती तात्यांकडं असते. ते भाजी लावतात आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवम मला चालवतो. माझा एक दिवा अजून दुसऱ्यापेक्षा नवा दिसतो. त्यांच्या पहिल्या खेपेला अविराज न सांगता हजर झाला आणि पुढं शिवमशेजारी बसला.

“गाडी इकलीस का सासरी धाडलीस रं?” महिपती तात्या मागून म्हणाले. “पाठराखीण आल्यागत आलास.”

“घाट उतरंस्तवर येतो, तात्या.”

उतार लागला आणि शिवमचा हात लिव्हरकडं गेला. अविराजनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

“तितं न्हाय. हिकडं वड. आजून एकदा.”

मी ओरडायला लागले.

“आरं, इंजिन फुटंल की!” तात्या पुढं झुकले.

“न्हाय फुटत. वरडू द्या. गप झाली की भ्यायचं.”

“तुला कुणी शिकवलं?” शिवमनं विचारलं.

“थोरल्या भावापायी कळलं,” अविराज म्हणाला.

माणसांना गप्प, गुणी वस्तू आवडतात. माझं एवढंच मागणं आहे, की उतारावर मला बोलू द्या. तिथं मी तुमच्यासाठीच बोलते.

घाटाच्या पायथ्याशी अविराज उतरला. त्यानं शिवमला खाली बोलावलं, त्याचा तळवा धरून एकेका चाकाजवळ नेला. चाकं कोमट होती. शिवम पुन्हा येऊन बसला. अविराजनं माझ्या हौद्याच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, माल भरून झाला की हमाल मारतात तशी, आणि रस्ता ओलांडून तो परतीच्या एसटीसाठी उभा राहिला.